रिस्पेरिडोन, ओलान्झापिन की अ‍ॅरिपिप्राझोल: भावासाठी कुठलं औषध?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. भाऊ २६ वर्षांचा आहे, आठ महिन्यांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. सुरुवातीला रिस्पेरिडोन दिलं. कानात येणारे आवाज थोडे कमी झाले, पण हातपाय ताठरले आणि चेहरा लाकडासारखा झाला, म्हणून तिसऱ्याच आठवड्यात ते बंद करून ओलान्झापिन सुरू केलं. आवाज थांबले, झोप लागायला लागली, पण सात महिन्यांत वजन ६४ किलोंवरून ७७ वर गेलं. आता तो गोळी घ्यायला टाळाटाळ करतो, आई वरणात कुस्करून देते. तुमच्या वाचनात आलं की अ‍ॅरिपिप्राझोलने वजन वाढत नाही. म्हणून तुम्ही विचारता आहात की या सगळ्यांत चांगलं औषध कोणतं, ते एकदाचं सांगा.

मी नागपुरात बावीस वर्षांपासून मानसोपचाराचं काम करतो. हा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांतली काळजी मला ओळखीची आहे. पण भाऊ माझ्यासमोर नाही. त्याचा डोस किती, घरात कुणाला मधुमेह आहे का, तो काय खातो, काय ओढतो, काय चघळतो, हे मला माहीत नाही, आणि निवड बरीचशी याच गोष्टींवर ठरते. म्हणून मी लिहितोय ते त्याच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. यावरून घरी गोळी बदलू नका, कमी करू नका.

तुमच्या प्रश्नाच्या मागे जो खरा प्रश्न आहे, तो मला असा दिसतो: दोन वर्षांनी भाऊ कुठली गोळी स्वतःच्या हाताने घेत असेल, आणि तोवर त्याच्या शरीराला ती किती महागात पडलेली असेल?

आधी परिणामकारकतेचं बोलू. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं, तिथून या उपचारांची सुरुवात झाली. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही नव्वदच्या दशकातली, अ‍ॅरिपिप्राझोल २००२ चं. आज आपण देतो ती जवळजवळ सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या एकाच प्रकारच्या ग्राहींवर, म्हणजे ते जिथे जाऊन बसतं त्या जागांवर, काम करतात. त्यातले साधारण ६५ ते ८० टक्के ग्राही अडले की आवाज आणि संशय ओसरायला लागतात. ८० च्या वर गेलं की फायदा फारसा वाढत नाही, ताठरपणा मात्र वाढतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी भावाच्या पहिल्या अनुभवाचा अर्थ लागतो.

२००५ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, केटी नावाचा. जवळपास दीड हजार रुग्ण, जुनं एक औषध आणि नवी चार. अठरा महिन्यांत १०० पैकी ७४ जणांनी दिलेलं औषध कुठल्या ना कुठल्या कारणाने सोडलं किंवा बदललं. ओलान्झापिनवर सोडणारे सर्वांत कमी, ६४ टक्के. पण वजन आणि साखर बिघडण्यात तेच सर्वांत पुढे. पर्फेनाझिन हे जुनं स्वस्त औषध बाकीच्या नव्यांच्या बरोबरीनं टिकलं. पुढे २०१९ मध्ये ३२ औषधांची एकत्र तुलना प्रसिद्ध झाली. क्लोझापिन, अमिसलप्राइड, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही थोडी वर निघाली. पण औषधा-औषधांत परिणामाचा जो फरक आहे, त्यापेक्षा दुष्परिणामांतला फरक कितीतरी मोठा, हे त्यातून स्पष्ट झालं. मला ओपीडीतही हेच दिसतं. म्हणून क्लोझापिन बाजूला ठेवलं तर मी औषध निवडताना आधी विचारतो की या माणसाला कुठला त्रास चालेल आणि कुठला अजिबात चालणार नाही.

आता भावाच्या रिस्पेरिडोनकडे येऊ. तिसऱ्या आठवड्यात बंद केलेलं औषध ‘लागू पडलं नाही’ असं मी कधीच धरत नाही. पुरेशा डोसवर निदान चार ते सहा आठवडे गेल्याशिवाय औषधाला नापास करू नये. भावाचे तर आवाज कमी व्हायलाही लागले होते. त्याला ताठरपणा आला, आणि तिथे पहिला प्रश्न डोसचा असतो. पहिल्याच आजारपणात तरुण मुलाला २ ते ४ मिलिग्रॅम बहुधा पुरतं. घरचे घाबरलेले असतात, मुलगा रात्र-रात्र जागतो, म्हणून डोस भराभर चढतो, आणि आठवड्याभरात मुलगा पुतळ्यासारखा चालायला लागतो. जुना कागद शोधा आणि किती मिलिग्रॅम दिलं होतं ते बघा. ६ असेल तर ते औषध त्याच्यासाठी वाईट होतं असं म्हणता येत नाही. कमी डोसवर ते पुन्हा विचारात घेता येईल.

रिस्पेरिडोन आणि अमिसलप्राइडचा आणखी एक त्रास असतो, तो रुग्ण आपणहून सांगत नाही. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढतं. मुलींची पाळी थांबते, कधी छातीतून दूध येतं, मुलांची लैंगिक इच्छा जाते. हे मी स्पष्ट विचारतो, शक्यतो आई-वडिलांना बाहेर बसवून. एका मुलीची पाळी दहा महिने आली नव्हती. तिच्या आईने तिला दोन ठिकाणी सोनोग्राफीला नेलं होतं, आणि कारण मात्र पर्समधल्या गोळीच्या पट्टीत होतं.

ओलान्झापिनबद्दल माझं मत सांगतो. पेटलेल्या अवस्थेत, झोप नाही, जेवण नाही, अंगावर धावून येणं, अशा वेळी मी ते विश्वासाने देतो. पण पहिल्या दिवसापासून वजनकाटा मध्ये आणतो. पहिल्याच महिन्यात वजन ५ टक्क्यांनी वाढलं, तर ते पुढे बरंच वाढणार हे धरून चालावं. ६४ किलोच्या मुलाला हे म्हणजे सव्वातीन किलो. तो इशारा तुम्हाला कुणी सांगितला नसेल, तर त्याचं मला वाईट वाटतं. ही भूक साधी नसते. रात्री अकरा वाजता जेवण झालेला मुलगा एक वाजता डबे उघडतो, आणि घरचे म्हणतात, ‘खादाड झालाय’. हा आळस नाही, लबाडी नाही, गोळीने पोट भरल्याची जाणीवच बोथट केलेली असते. त्याला यावरून बोलू नका.

अ‍ॅरिपिप्राझोलने वजन आणि साखर बऱ्याच अंशी जागेवर राहते, प्रोलॅक्टिन वाढत नाही, गुंगी कमी. हे तुम्ही बरोबर वाचलं. पण त्याचा एक त्रास, पायांची बेचैनी, मी स्वतः चुकून शिकलो, तो सविस्तर सांगतो. अशीच बेचैनी हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोननेही येते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कळमेश्वर बाजूचा एक मुलगा आला, हॅलोपेरिडॉलवर होता. आई म्हणाली, ‘एका जागी बसतच नाही जी हा, रात्रभर अंगणात फेऱ्या मारते.’ मला वाटलं आजार उसळतोय. मी डोस वाढवला. आठ दिवसांनी आला तर आणखी वाईट, डोळ्यांत पाणी. तेव्हा मी टेबलाखाली बघितलं. बसल्या जागी एक पाय उचलायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा. मी विचारलं, ‘मनात भीती वाटते का रे?’ तो म्हणाला, ‘मन शांत आहे साहेब, पायच ऐकत नाहीत.’ ही अकॅथिसिया. माझ्याच डोसने आलेली, आणि मी तिच्यावर आणखी डोस टाकला होता. डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल जोडलं, आठवडाभरात पाय थांबले. ही बेचैनी इतकी असह्य असते की माणूस जिवावर उदार होतो. तेव्हापासून रुग्ण खुर्चीत बसला की मी आधी त्याचे पाय बघतो. भावाला अ‍ॅरिपिप्राझोल सुरू झालंच, तर पहिले तीन-चार आठवडे तुम्हीही पाय बघा. येरझारा वाढल्या तर ‘आजार वाढला’ असं घरीच ठरवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. क्वेटियापिनने ताठरपणा फार कमी, गुंगी जास्त. लुरासिडोन वजनाला चांगलं, पण पोटभर जेवणासोबतच घ्यावं लागतं. रिकाम्या पोटी घेतलं तर नीट शोषलंच जात नाही. रात्री चहा-बिस्किटावर निजणाऱ्या मुलाला ते देण्यात अर्थ नाही. हॅलोपेरिडॉल स्वस्त आहे, कमी डोसवर चांगलं काम करतं, पण वर्षानुवर्षं चाललं की तोंडाच्या, जिभेच्या नकळत हालचाली जडण्याचा धोका त्यात अधिक.

ताठरपणासाठी आपल्याकडे रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत मिळतात, आणि ती गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. मला ही सवय पटत नाही. ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आठवण मंदावते. मुलगा ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हणतो, ते कित्येकदा यामुळेच. दोन-तीन महिन्यांनी ते लागतं का हे पुन्हा तपासायलाच हवं.

आपल्या गावासाठी त्याहून मोठं कारण म्हणजे ऊन. या औषधांनी शरीराचा तापमानावरचा ताबा ढिला पडतो आणि ट्रायहेक्सिफेनिडिल, ओलान्झापिन, क्लोझापिन यांनी घामही कमी येऊ शकतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपा सुरू झाला की मी प्रत्येक घराला तेच सांगतो: दुपारी बारा ते चार बाहेर नाही, कूलरसमोर बसवा, तहान नसली तरी पाणी आणि ताक देत राहा. या काळात अंग तापलं, तो बरळायला लागला किंवा अंग लाकडासारखं ताठ झालं, तर सकाळची वाट न बघता मेडिकल, मेयो किंवा जवळचं जे मोठं रुग्णालय असेल तिथे न्या आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आधी सांगा.

खर्र्याबद्दल, म्हणजे चघळायच्या सुपारी-तंबाखूबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण नागपूरचा २६ वर्षांचा मुलगा आहे म्हणून विचारतोच. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन भराभर फोडून टाकतं, आणि रक्तात औषध कमी पडतं. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूतल्या निकोटिनचा नाही. खर्रा चघळल्याने तो होत नाही. तोंडाची वाट लागते ते वेगळं. याची उलटी बाजू धोक्याची. रोज वीस विड्या ओढणाऱ्याने एकदम सोडल्या, तर त्याच डोसवर औषध रक्तात चढतं आणि तो दिवसभर झोपून राहतो. विडी सोडायचीच आहे, पण डॉक्टरांना सांगून.

आता वरणातली गोळी. आईला दोष देऊ नका. मी अशा शेकडो आया पाहिल्या आहेत आणि त्यांच्या जागी दुसरं काय सुचणार हे मला कळतं. पण हे फार दिवस टिकत नाही. एक दिवस त्याला वरणाची चव कडू लागते, आणि ज्या आजाराचं मूळच ‘मला कुणीतरी काहीतरी घालतंय’ या संशयात असतं, तिथे तो संशय खरा ठरतो. मग तो औषधासोबत जेवणही सोडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्याला कुठला उपचार दिला जातोय हे जाणून घेण्याचा हक्क त्याला दिलाच आहे. आवाज थांबलेले आहेत, झोप आहे, म्हणजे त्याच्याशी बोलण्याची हीच वेळ. त्याला विचारा, ‘गोळीने तुला सगळ्यांत जास्त कशाचा त्रास होतो?’ मला वाटतं तो वजनच सांगेल. जुनी पँट चढत नाही, मित्र ‘जाड्या’ म्हणतात, यासाठी कितीतरी मुलं औषध सोडतात.

गोळी रोज घेणं कुणालाच सोपं जात नाही, म्हणून लाँग अ‍ॅक्टिंग इंजेक्शनचाही विचार करा. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं, रोजचं भांडण संपतं. आपल्याकडे ते शिक्षा समजून शेवटी देतात; मी ते लवकर सुचवतो. त्या औषधाची गोळी आधी सोसते का ते बघावं लागतं, आणि इंजेक्शन रुग्णाला सांगून, त्याच्या होकारानेच द्यायचं.

भावाच्या जागी माझा रुग्ण असता तर? ओलान्झापिनचा डोस जास्त असेल तर हळूहळू किती खाली आणता येतो ते पाहिलं असतं. साखर तपासून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडण्याचा विचार केला असता. त्याने वाढलेल्या वजनातले काही किलो कमी होतात. एवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅरिपिप्राझोलकडे वळलो असतो, पण एका रात्रीत नाही. अ‍ॅरिपिप्राझोल रक्तात स्थिरावायला दोन आठवडे लागतात, म्हणून आधी ते सुरू करायचं, ओलान्झापिन तेवढे दिवस तसंच ठेवायचं आणि मग काही आठवड्यांत उतरवत न्यायचं. ओलान्झापिन झटक्यात बंद केलं तर झोप उडते, मळमळतं, आणि घरचे म्हणतात नवीन औषध मानवलं नाही. आवाज परत येण्याचा धोका बदलात असतोच. तो मी झाकत नाही. म्हणून घरात लग्न असेल, त्याची परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत असेल, तर तो महिना टाळायचा. बदलाच्या तीन महिन्यांत घरातलं एक माणूस त्याच्या झोपेवर लक्ष ठेवून असलं पाहिजे. झोप दोन रात्री तुटली की ती पहिली खूण.

तो दिवसभर पडून असतो, बोलत नाही, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. यावर कुठलंही औषध फार चालत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र त्यातलं किती आजाराचं, किती गुंगीचं, किती ताठरपणाचं आणि किती उदासीचं, हे वेगळं काढावं लागतं, कारण यातल्या शेवटच्या तिन्हींवर उपाय आहे.

क्लोझापिनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, भावाला आज त्याची गरजही नाही. तरी लिहितो, कारण वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी दहा वर्षांचा न हटणारा आजार असेल. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटून काही रुग्ण दगावले आणि बऱ्याच देशांनी ते मागे घेतलं. पुढे १९८८ मध्ये जॉन केन आणि सहकाऱ्यांनी आधीची औषधं लागू न पडलेल्या २६८ रुग्णांवर ते तपासलं. सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के. तो फरक आजही कुठल्या औषधाने भरून काढलेला नाही. दोन औषधं पुरेशा डोसवर, पुरेसे आठवडे, खरोखर पोटात जाऊन हरली, की तिसरं-चौथं शोधत वर्षं घालवू नयेत.

क्लोझापिनची किंमतही मोजावी लागते. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी, पुढे महिन्याला. पोट साफ न होणं इथे साधं समजू नये, त्यातून आतडं बंद पडू शकतं. दोन दिवसांहून अधिक खंड पडला तर पुन्हा अगदी थोड्या डोसपासून चढावं लागतं. आणि लाळ. माझ्या एका रुग्णाची आई रोज रात्री त्याच्या उशीवर टॉवेल घडी करून ठेवायची आणि सकाळी तो चिंब झालेला दोरीवर टाकायची. नऊ वर्षं चार औषधांवर घरात कोंडल्यासारखा बसलेला मुलगा. क्लोझापिन सुरू केल्यावर पाचव्या महिन्यात तो एकटा गोकुळपेठ बाजारात गेला आणि पाव किलो वांगी घेऊन, उरलेले पैसे नीट मोजून परत आला. त्या बाईने मला ते वांग्यांचं सांगितलं, टॉवेलचं मी विचारल्यावर सांगितलं.

‘किती दिवस घ्यायचं?’ हेही तुम्ही विचारलंय. औषध चालू ठेवणाऱ्यांत वर्षभरात साधारण २७ टक्क्यांना आजार उलटतो, बंद करणाऱ्यांत ६४ टक्क्यांना. हे २०१२ च्या एका मोठ्या विश्लेषणाचे आकडे. पहिलंच आजारपण असेल तर पूर्ण सावरल्यावर निदान एक ते दोन वर्षं मी औषधाला हात लावत नाही. त्यानंतर कमी करता येईल का, हे त्याच्याशी बसून ठरवतो. काही घरं ताजबागच्या दर्ग्याला नवस बोलून माझ्याकडे येतात. मी त्यांची श्रद्धा मोडत नाही, नवस फेडायला जाताना गोळीची पट्टी खिशात ठेवा म्हणतो.

तर या आठवड्यात एवढं करा. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि चरबीची तपासणी करून घ्या, बेंबीजवळ टेप लावून कंबर मोजा. एका वहीत कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, आणि काय झालं, हे लिहा; जुने कागद, रिकाम्या पट्ट्या, सगळं त्यासाठी काढा. वहीचं शेवटचं पान भावाला द्या, त्याच्या अक्षरात त्याला काय नको आहे ते तो लिहील. ती वही आणि भाऊ, दोघांना घेऊन डॉक्टरांकडे जा. साखरेचे आकडे आणि रिस्पेरिडोनचा जुना डोस कळला, तर मला इथेच लिहा. त्यावरून पुढचं अधिक नेमकं बोलता येईल.